वेधशाळेचा आतला पत्रव्यवहार

हवामान खात्याचा अंदाज लोकांपर्यंत दोन ओळींत पोहोचतो. कोकणात बऱ्याच ठिकाणी मध्यम पाऊस, तुरळक ठिकाणी जोरदार सरी, एवढेच. या दोन ओळी तयार होण्याआधी खात्याच्या आत शेकडो संदेश फिरलेले असतात. निरीक्षक आकडे वर कळवतो, दिल्लीचे केंद्र खालच्या कार्यालयांना आपले मत कळवते, मुंबईचे केंद्र त्यावर आपली बाजू मांडते, रात्रपाळीचा माणूस सकाळच्या माणसाला चार्ज देताना काय शिल्लक आहे ते सांगतो. यातले बहुतेक टपाल बाहेरच्या कोणी वाचावे म्हणून लिहिलेले नसते. खात्याचा कस मात्र त्यातच लागतो, कारण आतला संदेश उशिरा किंवा दोन अर्थांनी गेला, तर बाहेरचा अंदाज कितीही हुशार माणसाने लिहिला तरी फसतो.

भारतीय हवामानशास्त्र विभाग स्थापन झाला तोच मुळी या टपालाची शिस्त लावण्यासाठी, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपले. त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये मोसमी पावसाने दगा दिला. तोवर देशात पाऊस आणि तापमान मोजणारी माणसे नव्हती असे नाही. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्येच उभारली होती, आणि पुढे बाळशास्त्री जांभेकर, केरूनाना छत्रे यांच्यासारख्या मंडळींनी तिथे काम केले. अडचण होती ती प्रत्येक प्रांताचा कारभार वेगळा असण्याची. उपकरणे वेगळी, नोंदीच्या वेळा वेगळ्या, घड्याळेही वेगळी. मुंबईचे स्थानिक घड्याळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चालत असे. अशा नोंदी शेजारी शेजारी मांडून त्यांतून वादळाची वाट काढणे अवघड होते. १८७५ मध्ये सरकारने सगळा कारभार एका छत्राखाली आणला आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांना प्रमुख नेमले. खात्याचे मुख्यालय पुढे कलकत्त्याहून शिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पुण्यातला मुक्काम संपला, पण शिवाजीनगरच्या इमारतीला चिकटलेले ‘सिमला ऑफिस’ हे नाव तिथल्या चौकाला आजही आहे.

आतल्या टपालाचा पाया म्हणजे निरीक्षण. मुंबईत पूर्ण वेळ माणसांकडून नोंदी होणाऱ्या दोन जुन्या वेधशाळा आहेत. एक कुलाब्याची आणि दुसरी विमानतळाजवळची सांताक्रूझची. शहर आणि उपनगर म्हणून वर्तमानपत्रांत जे दोन आकडे छापून येतात ते यांचेच. सगळ्यांत महत्त्वाची नोंद सकाळी साडेआठची. ही वेळ अशी अर्धवट का, याचे कारण ग्रिनिच आहे. जगभरच्या वेधशाळा ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे दर तीन तासांनी एकाच क्षणी नोंदी घेतात. तिथले पहाटेचे तीन म्हणजे आपल्याकडचे साडेआठ. त्यामुळे खात्यातली कामे साडेपाच, साडेआठ, साडेअकरा, अडीच अशा ठोक्यांवर चालतात.

ठोका पडण्याआधी दहा मिनिटे निरीक्षक बाहेर पडतो. पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची एक लाकडी पेटी जमिनीपासून छातीच्या उंचीवर उभी असते. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात, आणि ती बनवणारे टॉमस स्टीव्हन्सन हे कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील. तिचे दार उत्तरेला उघडते, म्हणजे वाचताना ऊन आत पडत नाही. आत चार तापमापक असतात. एक कोरडा, एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला, एक दिवसाचे कमाल आणि एक किमान तापमान धरून ठेवणारा. वाचताना आधी अंशाचा दशांश पाहायचा आणि मग पूर्ण अंक, कारण माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उष्णतेने पारा हलायला लागतो आणि दशांशच आधी बिघडतो. मग पर्जन्यमापकातले पाणी मापनपात्रात ओतून मिलिमीटर मोजायचे, आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती ढगांनी व्यापले ते ठरवायचे, ठरलेल्या अंतरावरच्या खुणा दिसतात का यावरून दृश्यमानता लिहायची. हवेचा दाब शेवटी, नेमक्या वेळेवर. हे सगळे वहीत उतरले की संदेश बनवायचा.

हा संदेश तारेच्या काळात घडला आणि तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तो पाच-पाच आकड्यांच्या गटांत लिहायची रीत पडली. गटाचा पहिला आकडा विषय सांगतो, उरलेले चार माप सांगतात. तारीख-वेळेच्या गटानंतर स्थानकाचा क्रमांक येतो. सांताक्रूझ म्हणजे ४३००३, कुलाबा ४३०५७, पुणे ४३०६३. यांतले ४३ हे दक्षिण भागाचे चिन्ह आहे, उत्तरेकडची स्थानके ४२ ने सुरू होतात. पुढे नमुन्यादाखल १०२८४, २०२५१, ४००५२ आणि ६०७६४ असे गट आले, तर ते असे वाचायचे: तापमान २८.४ अंश, दवबिंदू २५.१ अंश, समुद्रसपाटीला आणलेला दाब १००५.२ हेक्टोपास्कल आणि चोवीस तासांचा पाऊस ७६ मिलिमीटर. एका ओळीत मावणारा हा मजकूर रशियातला, जपानमधला किंवा ब्राझीलमधला हवामानतज्ज्ञ मराठीचा किंवा इंग्रजीचा एकही शब्द न जाणता वाचू शकतो. यंत्रांसाठी आता वेगळा द्विमान संकेत आला आहे, पण माणसांच्या सवयीत पाच आकड्यांचे गट अजून पक्के आहेत.

या लिपीची सर्वांत चांगली सोय म्हणजे तिच्यात ‘माहीत नाही’ लिहायला जागा आहे. पाऊस पडला नाही हे एका प्रकारे लिहायचे, पडला पण मोजता येण्याइतका नाही हे ९९० या आकड्याने, आणि मोजताच आले नाही तर आकड्याच्या जागी तिरकी रेघ. शून्य आणि रेघ यांतला हा फरक बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. ज्याने कोणत्याही सरकारी कचेरीतले तक्ते पाहिले आहेत, त्याला त्याची किंमत कळेल. रकाना रिकामा दिसू नये म्हणून तिथे शून्य भरण्याची सवय अनेक खात्यांच्या आकडेवारीला भोवली आहे. हवामान खात्यात रेघ मारण्यात कमीपणा मानत नाहीत, आणि म्हणूनच तिथल्या दीडशे वर्षांच्या नोंदींवर संशोधन होऊ शकते. महिन्याच्या नोंदवह्या पुण्याच्या राष्ट्रीय विदा केंद्राकडे जातात, तिथे तपासल्या जातात आणि कायमच्या जपल्या जातात.

पावसाच्या गटाला एक मर्यादाही आहे. त्यात पूर्ण मिलिमीटर ९८८ पर्यंतच लिहिता येतात. ९८९ म्हणजे ‘तेवढा किंवा अधिक’. चेरापुंजीला १६ जून १९९५ रोजी नोंदलेला १,५६३ मिलिमीटर पाऊस या गटात मावत नाही, तो दुसऱ्या मार्गाने कळवावा लागतो. मुंबईसारख्या शहराला ही मर्यादा कधी जाणवेल असे कोणाला वाटले नसते. २६ जुलै २००५ ला शहर तिच्या अगदी जवळ जाऊन आले.

त्या दिवशीचा पाऊस खात्याच्या दफ्तरात २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा म्हणून नोंदला आहे. सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर, कुलाब्याला ७३.४. संकेतलिपीत सांताक्रूझचा गट लिहिला तर ६९४४४ होतो. उपनगरे बुडवणारा, शेकडो माणसांचा जीव घेणारा पाऊस पाच आकड्यांत मावला. दुपारनंतर एका तासात तिथे सुमारे १९० मिलिमीटर पडले. वेधशाळांत जो स्वयंलेखी पर्जन्यमापक वापरतात त्याची लेखणी दहा मिलिमीटर पाणी साठले की वरच्या टोकाला पोहोचते, पाणी वक्रनलिकेतून वाहून जाते आणि लेखणी पुन्हा तळाशी येते. या हिशेबाने एका तासात कागदावर लेखणीला एकोणीस वेळा चढउतार करावा लागेल. एरवी जून-जुलैच्या चांगल्या दिवसातही अख्ख्या कागदावर इतके चढउतार क्वचितच दिसतात.

या आपत्तीत हवामानशास्त्राचे अज्ञान होतेच, पण आतल्या टपालाची रचनाही तोकडी पडली. चोवीस तासांचा आकडा घटना घडून गेल्यावर येतो. तीन तासांचा संदेशही अशा पावसात शिळा होतो. मुंबईवर तेव्हा डॉप्लर रडार नव्हते, म्हणजे ढग नेमका कुठे उभा आहे आणि किती उंच गेला आहे हे मिनिटामिनिटाला दाखवणारे साधन नव्हते. दोन वेधशाळांमध्ये वीसेक किलोमीटरचे अंतर, आणि खात्याचे प्रादेशिक केंद्र ज्या कुलाब्याला आहे तिथे पाऊस त्या मानाने कमी होता. सांताक्रूझच्या उत्तरेला, जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंत, खात्याच्या पूर्ण वेळच्या निरीक्षकाचा डोळा नव्हता. विहार तलावावर महानगरपालिकेच्या मापकाने १,०४९ मिलिमीटर नोंदले, पण ते टपाल दुसऱ्या संस्थेचे.

उत्तरेच्या टोकाला असलेल्या बोरीवलीच्या दृष्टीने आकडा नेमका कुठला, हा फरक जिवाचा आहे. तुळशी तलावाच्या बाजूने निघणारी दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून उतरून श्रीकृष्णनगर, दौलतनगर अशा वस्त्यांतून खाडीकडे जाते. पोईसर नदीही त्याच डोंगरातून येते. डोंगरावर पडलेला पाऊस खाली यायला फार वेळ लागत नाही, आणि भरतीची वेळ साधली तर पाणी ओसरायला जागा राहत नाही. अशा ठिकाणी सांताक्रूझचा आकडा हा शेजारच्या गावचा आकडा आहे. जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने पुराची कारणे तपासली आणि त्यानंतर महानगरपालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायला सुरुवात केली. अग्निशमन केंद्रे आणि पालिकेच्या इतर इमारतींवर बसवलेली ही यंत्रे दर काही मिनिटांनी आकडा पाठवतात. खात्याचे डॉप्लर रडार कुलाब्याला २०१० मध्ये सुरू झाले, आणि २०२२ मध्ये अंधेरी-जोगेश्वरीच्या बाजूला वेरावली टेकडीवर दुसरे. १२ जून २०२० रोजी पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महानगरपालिका यांनी मुंबईसाठी पूरइशारा प्रणाली सुरू केली. तिच्यात पावसाचा अंदाज, नद्यांची पातळी, भरती आणि वस्त्यांची उंची एकत्र मांडून कोणत्या प्रभागात पाणी भरेल ते काढतात. थोडक्यात, दोन संस्थांचे वेगवेगळे टपाल एका टेबलावर यायला २००५ नंतर पंधरा वर्षे गेली.

आकडे वर गेले की मते खाली येतात. दिल्लीचे राष्ट्रीय हवामान अंदाज केंद्र संगणकीय प्रारूपांचे निकाल आणि देशभरची निरीक्षणे पाहून मार्गदर्शन तयार करते. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, नागपूर आणि गुवाहाटी अशी सहा प्रादेशिक केंद्रे आहेत. महाराष्ट्रातले कोकण, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाडा मुंबईकडे, तर विदर्भ नागपूरकडे. रोज दूरदृश्य बैठकीत ही केंद्रे समोरासमोर येतात आणि मतभेद तिथेच मिटवले जातात. ही बैठक खात्याच्या कामाचा गाभा आहे. शेजारच्या दोन जिल्ह्यांना दोन केंद्रांनी दोन वेगळे इशारे दिले तर लोक दोन्हींवरचा विश्वास सोडतील, म्हणून अंतिम मजकूर एकमताने ठरतो. त्यात एक तोटाही आहे. बैठकीत एखाद्याला वाटलेली वेगळी शंका मजकुरात उतरत नाही.

या बैठकीत वापरले जाणारे शब्द बाहेर वाटतात तितके सैल नसतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या एक चतुर्थांशापर्यंत स्थानकांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५, त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झालेला दिवस खात्याच्या हिशेबी पावसाचा दिवसच नव्हे, मग छत्री उघडावी लागली असली तरी. इशाऱ्यांच्या रंगांनाही अर्थ ठरलेले आहेत: हिरव्याला इशारा नाही, पिवळ्याला लक्ष ठेवायचे, नारिंगीला तयारीत राहायचे, लालला कृती करायची. हे रंग मूळचे प्रशासनासाठी. जिल्हाधिकारी, आपत्ती व्यवस्थापन कक्ष, बंदरे आणि रेल्वे यांनी कोणत्या पायरीवर जायचे हे त्यांवरून ठरते. शाळेला सुट्टी मिळेल की नाही याचा अंदाज बांधायला लोक ते वापरू लागले ही नंतरची गोष्ट.

रोजच्या संदेशांशिवाय खात्यात परिपत्रके निघतात, आणि ती वाचणाऱ्याला रुक्ष वाटली तरी त्यांतले एखादे वाक्य वर्षानुवर्षांचा हिशेब बदलते. २०२० मध्ये खात्याने मोसमी पाऊस दाखल होण्याच्या आणि परतण्याच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. केरळची १ जून तशीच राहिली. मुंबईत दाखल होण्याची तारीख १० जूनऐवजी ११ जून झाली. परतीची मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. त्यामुळे पुढच्या प्रत्येक बातमीतले ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ हे शब्द नव्या मापाने मोजले जातात. २०२५ मध्ये मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजी दाखल झाल्याचे जाहीर झाले. तो नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी आला हे गणित याच सुधारित तारखेवरून आले.

परिपत्रकाच्या भाषेचाही कायदा आहे. १९६३ च्या राजभाषा अधिनियमाप्रमाणे केंद्र सरकारचे सर्वसाधारण आदेश आणि अधिसूचना हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढाव्या लागतात, आणि १९७६ च्या नियमांत महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात मोडतो. साहजिकच कुलाब्याच्या कार्यालयातला कागद दोन भाषांत असतो आणि त्यांत मराठी नसते. मराठी येते ती बाहेर पडणाऱ्या मजकुरात, विशेषतः राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या साहाय्याने दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या शेतकऱ्यांच्या हवामान सल्ल्यात. हा सल्ला खात्याच्या सगळ्या लेखनात सर्वांत सुबोध असतो. कारण उघड आहे: तो कोणासाठी लिहिला आहे हे लिहिणाऱ्याला माहीत असते.

उपनगरात केंद्र सरकारची दुसरी मोठी विज्ञानसंस्था म्हणजे तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथल्या आतल्या टपालाचा स्वभाव अगदी उलटा आहे. अणुऊर्जेच्या कामावर कायद्याची बंधने आहेत, म्हणून बहुतेक माहिती कुंपणाच्या आत राहते. जे सांगता येते ते केंद्राच्या वार्तापत्रातून आणि ३० ऑक्टोबरला, होमी भाभा यांच्या जन्मदिनी होणाऱ्या संस्थापक दिनाच्या भाषणातून सांगितले जाते. हवामान खात्याचा आतला संदेश मात्र काही मिनिटांत साऱ्या जगाच्या हाती असतो. दुसऱ्या महायुद्धात लढणाऱ्या देशांनी तो गुप्त ठेवला होता, कारण ढगांची माहिती बॉम्बफेकी विमानांना उपयोगी पडे. जागतिक हवामान संघटनेचे सभासद देश शांततेच्या काळात तो विनामूल्य वाटून घेतात, कारण अरबी समुद्रातल्या दाबाशिवाय आफ्रिकेचा नकाशा पुरा होत नाही आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्याशिवाय आपला पाऊस समजत नाही.

अलीकडे यातले बरेच टपाल मोबाइलवर आले आहे. पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा व्हॉट्सॲप गटांतून जिल्हा प्रशासनाला आणि पत्रकारांना एकाच वेळी जातो, आणि तिथून गृहनिर्माण संस्थांच्या गटांत. वेग वाढला, पण एक जुनी शिस्त ढिली झाली. तारेच्या संदेशावर तारीख आणि वेळ पहिल्याच गटात असे. पुढे पाठवलेल्या इशाऱ्याच्या चित्रात ती बहुतेकदा कापलेली असते, आणि कालचा लाल इशारा आज पुन्हा फिरत राहतो.

म्हणून बोरीवली-दहिसरच्या वाचकाने पावसाळ्यात तीन गोष्टी पाहाव्यात. इशाऱ्यावर दिलेली वेळ आधी वाचावी. इशारा जिल्ह्याला दिलेला असतो, आपल्या गल्लीला नव्हे, हे धरून चालावे. आणि सांताक्रूझचा आकडा पंधराएक किलोमीटर दूरचा, सकाळी साडेआठपर्यंतचा आहे, तेव्हा नदीकाठी राहणाऱ्याने महानगरपालिकेच्या जवळच्या पर्जन्यमापकाचा ताजा आकडा आणि भरतीची वेळ पाहूनच बाहेर पडावे.